पिशवी उघडल्यानंतरचा अर्धा तास

वेंगुर्ल्याच्या एका वाचकांचे पत्र गणेशोत्सवानंतर आले. त्यांच्याकडे सात महिन्यांपूर्वी सुरू केलेली १८० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. चतुर्थीला मुंबईहून येताना त्यांच्या धाकट्या भावाने दोन क्लाउन मासे, एक फायरफिश, झोअँथिड या प्रवाळासारख्या जिवांचा एक दगड आणि मशरूम प्रवाळाचा एक तुकडा आणला. दुकानात पिशव्या आदल्या संध्याकाळी सहाला बांधल्या गेल्या, गाडी रात्री निघाली, महामार्गावर कोंडी लागली आणि घरी पोचेपर्यंत दुपार झाली. पूजा, नैवेद्य आणि पाहुण्यांची जेवणे उरकून पिशव्या उघडायला चार वाजले. दुकानदाराने सांगितले होते, पंधरा मिनिटे पिशवी तरंगू द्या आणि मासे सोडा. एका जाणकाराने मात्र तीन तासांची थेंबपद्धत सुचवली, म्हणजे पिशवीच्या पाण्यात टाकीचे पाणी थेंबाथेंबाने मिसळत नेणे. घाई नको म्हणून त्यांनी तीन तासांचा मार्ग धरला. दुसऱ्या तासापासून मासे धापा टाकू लागले, रात्री फायरफिश गेला आणि पहाटे एक क्लाउन. झोअँथिड चार दिवस मिटून होते आणि मशरूम फिकट पडले. ते विचारतात: इतकी काळजी घेऊनही असे का झाले? थेंबपद्धत नक्की किती वेळ करावी? मशरूम वाचेल का? आणि पुढच्या वेळी समुद्राचेच पाणी आणि मालवणच्या खडकावरचा एखादा प्रवाळ आणला तर चालेल का, कारण ‘ते तर आपल्याच पाण्यातले’?

आपले पत्र मी दोनदा वाचले, कारण आपण सगळ्या वेळा नेमक्या लिहिल्या आहेत आणि आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या वेळांतच आहे. संध्याकाळी सहा ते दुसऱ्या दिवशी दुपारी चार, म्हणजे मासे बावीस तास एकाच पाण्यात होते. त्यानंतर आपण ते पाणी माशांसकट बादलीत ओतले आणि त्यात तीन तास टाकीचे पाणी थेंबाथेंबाने सोडत राहिलात. माझ्या मते आपले मासे त्या बावीस तासांतून तगून निघाले होते. त्यांना सोसवले नाहीत ते नंतरचे तीन तास. आपण हयगय केली असे मुळीच नाही. जी पद्धत तासाभराच्या प्रवासाला योग्य आहे ती आपण बावीस तासांच्या प्रवासाला लावलीत, आणि हा फरक दुकानात सहसा कोणी समजावून सांगत नाही.

बंद पिशवीत काय घडते ते आधी पाहू. मासा श्वास घेतो तसा पाण्यात कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि पाण्याचा पीएच उतरत जातो, म्हणजे पाणी आम्लतेकडे झुकत जाते. त्याच वेळी माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडत असतो. अमोनियाची दोन रूपे असतात, एक अतिशय विषारी आणि दुसरे अमोनियम नावाचे बरेच निरुपद्रवी. कोणते रूप किती असेल हे मुख्यतः पीएचवर ठरते. पीएच ७ च्या आसपास असेल तर एकूण अमोनियापैकी एक टक्काही विषारी रूपात नसतो; समुद्राच्या ८.२ ला तोच हिस्सा सात-आठ टक्क्यांच्या घरात जातो. म्हणजे बंद पिशवीत घाण साठत असली तरी उतरलेला पीएच माशाला तिच्यापासून वाचवत असतो. आपण पिशवी उघडतो, कार्बन डायऑक्साइड उडून जाऊ लागतो, वरून ८.२ पीएचचे पाणी थेंबाथेंबाने पडू लागते, आणि बावीस तासांत साठलेले निरुपद्रवी अमोनियम माशाच्या भोवतीच विषारी अमोनियात बदलू लागते. बादलीतले पाणी दुप्पट झाले की अमोनिया निम्म्याने विरळ होतो हे खरे. पण तेवढ्या वेळात पीएच एका अंकाने चढला तर विषारी हिस्सा जवळजवळ दहापट झालेला असतो. गणित माशाच्या विरोधात जाते.

हे मी एकदा प्रत्यक्ष मोजून पाहिले आहे. मुंबईहून रात्रीच्या गाडीने आलेली एक पिशवी रत्नागिरी स्थानकावरून घरी आणली, कापल्या कापल्या थोडे पाणी परीक्षानळीत घेतले, आणि आतला छोटा गोबी मासा लगेच टाकीत हलवला. उरलेले पाणी बरणीत ठेवून त्यात हवेचा दगड, म्हणजे पंपाची हवा बुडबुड्यांनी सोडणारा सच्छिद्र तुकडा, सोडला. पिशवी कापली तेव्हा पीएच ७ च्याही खाली होता. अर्ध्या तासाने तो साडेसातच्या पुढे गेला होता आणि अजून चढतच होता. अमोनियाची नळी दोन्ही वेळा सारखीच गडद हिरवी होती, कारण घरगुती चाचणी दोन्ही रूपांची बेरीज दाखवते. नळीचा रंग जराही न बदलता तेच पाणी अर्ध्या तासात कितीतरी अधिक घातक झाले होते. तो गोबी त्या बरणीत राहिला असता तर काय झाले असते, हा विचार त्या दिवसापासून माझ्या मनातून गेलेला नाही. उघड्या पिशवीत दयाबुद्धीने हवेचा दगड सोडणाऱ्यांना मी म्हणूनच कळकळीने थांबवते. हवेने कार्बन डायऑक्साइड आणखी वेगाने निघून जातो.

तेव्हा थेंबपद्धत किती वेळ करावी, याला एकच आकडा नाही. दोन गोष्टी जोखायच्या: मासा पिशवीत किती वेळ होता, आणि पिशवीच्या व टाकीच्या पाण्यात क्षारतेचा फरक किती आहे. कुडाळहून किंवा सावंतवाडीहून तासाभरात आलेल्या माशासाठी पाऊण तास ते तासभर थेंबपद्धत उत्तम. इतक्या वेळात अमोनिया फारसा साठलेलाच नसतो. प्रवास सहा-आठ तासांच्या पुढे गेला की माझा नियम उलटा होतो. पिशवी बंद असतानाच तापमान जुळवायचे आणि कापल्यानंतर काही मिनिटांत मासा नव्या पाण्यात गेलेला असायचा.

यावर आपण विचाराल की क्षारतेचे काय? प्रश्न रास्त आहे, आणि माझ्या दृष्टीने साऱ्या विषयाचे मर्म इथे आहे. समुद्राच्या पाण्याची सापेक्ष घनता साधारण १.०२५ ते १.०२६ असते, म्हणजे हजार भागांत सुमारे ३५ भाग क्षार. अनेक विक्रेते मात्र मासे १.०१८ ते १.०२० वर ठेवतात, कारण त्यात मीठ वाचते आणि परजीवी काहीसे आटोक्यात राहतात. समुद्री माशाच्या शरीरातले द्रव समुद्राच्या मानाने सुमारे एक तृतीयांश खारट असतात. त्यामुळे त्याच्या अंगातले पाणी सतत बाहेर ओढले जाते आणि तो सतत समुद्र पिऊन, जादा मीठ कल्ल्यांतून टाकून, ती तूट भरून काढत असतो. क्षारता एकदम उतरली तर तो बहुधा निभावून नेतो. एकदम चढली तर त्याची यंत्रणा मागे पडते आणि तो पाण्यात राहूनही कोरडा पडत जातो. हा मृत्यू कधी कधी दोन-तीन दिवसांनी येतो आणि मग खापर भलत्याच गोष्टीवर फुटते.

लांबून आलेल्या माशाला दोन्ही बाजूंनी कात्री असते: रेंगाळलो तर अमोनिया, घाई केली तर क्षारता. यातून सुटण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे मासा यायच्या आधीच पाणी त्याच्यासारखे करून ठेवणे. विक्रेत्याला आदल्या दिवशी फोन करून त्याच्या टाकीची क्षारता विचारावी, आणि घरी एका वेगळ्या छोट्या टाकीत नेमक्या तेवढ्या क्षारतेचे पाणी तयार ठेवावे. मग पिशवी आली की तापमान जुळेपर्यंत थांबायचे आणि मासा थेट त्या पाण्यात सोडायचा. थेंब मोजत बसण्याचा प्रसंगच येत नाही. पुढे रोज थोडे पाणी बदलून क्षारता दिवसाला ०.००१ ते ०.००२ इतकीच चढवत आठवडाभरात मुख्य टाकीच्या बरोबरीला आणायची. आपण बादलीपाशी तीन तास जो धीर धरलात, तो या आठवड्यात कारणी लागला असता.

मोजण्याचे साधनही खात्रीचे हवे. काट्याच्या हायड्रोमीटरमध्ये, म्हणजे घनता दाखवणाऱ्या साध्या मापकात, काट्याला हवेचे बुडबुडे चिकटले की आकडा सरळ चुकतो. पाण्याच्या थेंबातून प्रकाश किती वळतो यावरून क्षारता दाखवणारा रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा आणि तो ३५ क्षारतेच्या प्रमाणित द्रावाने जुळवून घ्यावा. नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य दाखवणारा रिफ्रॅक्टोमीटर ३५ लाही बरोबर असेलच असे नाही. आपल्या स्वतःच्या टाकीचा आकडाही त्या दिवशी काय होता, हे पत्रात नाही. सणाच्या धांदलीत वाफ झालेल्या पाण्याची भर घालायची राहून गेली असेल, आणि टाकीवर पंखा चालू असेल, तर क्षारता नकळत १.०२७ च्या पुढे गेलेली असू शकते. वाफ पाण्याची होते, मिठाची होत नाही. ही भर नेहमी गोड्या, शुद्ध पाण्याची घालावी आणि त्यासाठी आरओचे पाणी वापरावे. आपल्याकडचे जांभ्यातल्या विहिरीचे पाणी प्यायला गोड लागते, पण ते बहुधा किंचित आम्लधर्मी असते आणि त्यात लोहही उतरते. नळाच्या पाण्यातले क्लोरीन तर माशाच्या कल्ल्यांनाही घातक आणि टाकीतल्या उपयुक्त जिवाणूंनाही.

आता तापमान. भावाच्या गाडीत वातानुकूलन चालू होते आणि पिशव्या हाताला गार लागत होत्या असे आपण लिहिले आहे. बावीस अंशांच्या गाडीतून सव्वीस-सत्तावीस अंशांच्या टाकीत येताना पिशवीला वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि तोवर ती उघडायची नाही. पुढच्या वेळी पिशव्या थर्माकोलच्या पेटीत, झाकण चिकटपट्टीने बंद करून आणाव्यात. वातानुकूलनाचा झोत आणि मे महिन्यातला डिकीतला उकाडा या दोन्हींपासून बचाव होतो. मासे बांधण्याआधी एक दिवस त्यांना उपाशी ठेवायलाही विक्रेत्याला सांगावे. पोटात अन्न कमी असेल तर पिशवीत अमोनिया कमी साठतो, आणि निरोगी माशाला एका दिवसाच्या उपवासाने काही होत नाही.

घरी आल्यावर खोलीतला दिवा मंद करावा, टाकीचा दिवा बंद करावा आणि मगच पेटी उघडावी. बावीस तास काळोखात असलेल्या माशाच्या डोळ्यांवर एकदम पांढराशुभ्र एलईडी पडला तर तो पिशवीच्या भिंतींवर आपटत राहतो. पिशवी तरंगवताना ती आधी बाहेरून गोड्या पाण्याने धुवावी, कारण प्रवासात तिला कोणाकोणाचे हात लागलेले असतात. मासा पाण्यासकट ओतू नये. मऊ जाळीने किंवा छिद्रे पाडलेल्या प्लॅस्टिकच्या भांड्याने उचलून फक्त मासा आत सोडावा. पिशवीच्या पाण्यात अमोनिया तर असतोच, शिवाय दुकानातले परजीवी आणि औषधाचे तांबेही असू शकते, आणि तांबे कोळंबी व प्रवाळ यांना प्राणघातक आहे. ते पाणी मोरीतच जायला हवे. सणावारी घर पाहुण्यांनी भरलेले असताना शक्यतो नवे जीव आणू नयेत, हेही सांगते. त्या दिवशी आपले मासे दुपारभर थांबले ते आपल्या निष्काळजीपणाने नव्हे, पण त्यांच्या वाट्याला ते तास आलेच.

ज्या छोट्या टाकीबद्दल वर लिहिले, तीच आपली विलगीकरणाची टाकी. साठ-सत्तर लिटर पुरेत. मुख्य टाकीच्या संपमध्ये (पाणी गाळण्याच्या जोडटाकीत) महिनाभर ठेवून जिवाणूंनी भारलेला एक स्पंज फिल्टर, हीटर, लपायला पीव्हीसी पाइपचे दोन-तीन तुकडे आणि वर घट्ट जाळीचे झाकण एवढे सामान लागते. झाकण विसरू नये. फायरफिशसारखा मासा घाबरला की सरळ टाकीबाहेर उडी घेतो. नवा मासा इथे निदान चार आठवडे राहावा. समुद्री माशांवर मिठाच्या कणांसारखे ठिपके उमटवणारा क्रिप्टोकॅरिऑन हा परजीवी काही दिवस माशावर असतो, मग सुटून तळाशी कोश करतो आणि कोशातून पुन्हा शेकडो पिल्ले बाहेर पडतात. म्हणून ठिपके गेले म्हणजे रोग गेला असे नसते. दुसरी खेप दोन-तीन आठवड्यांनी येते. मुख्य टाकीत तो एकदा शिरला की तिथे प्रवाळ असल्यामुळे तांब्याचे औषध घालता येत नाही आणि हात बांधले जातात. आपला वाचलेला क्लाउन सरळ मुख्य टाकीत गेला आहे. त्याच्या कल्ल्यांची हालचाल आणि अंगावरचा तकतकीतपणा महिनाभर डोळ्यांत तेल घालून पाहा. अंगावर पांढरट चिकट थर दिसला, तर तो क्लाउनमध्ये आढळणाऱ्या दुसऱ्या एका झपाट्याच्या रोगाचा इशारा असू शकतो. त्या दिवशीच त्याला वेगळे काढा.

त्याचे शेपूट कातरल्यासारखे दिसते असेही आपण लिहिले आहे. तो बहुधा आपल्या टाकीतल्या जुन्या डॅमसेल माशाचा प्रताप असावा. सात महिने एकटीने राज्य केलेल्या डॅमसेलला नवा शेजारी खपत नाही. नवा मासा सोडण्याआधी जुन्यांना खाऊ घालावे, दोन-चार दगड हलवून तिच्या ओळखीच्या जागा मोडाव्यात, आणि नव्याला दिवा मालवल्यावरच सोडावे. एवढ्यानेही भागले नाही तर डॅमसेललाच काही दिवस जाळीच्या डब्यात ठेवणे बरे.

प्रवाळांची गोष्ट निराळी आहे. ते माशाच्या मानाने अमोनिया फारच थोडा सोडतात, त्यामुळे त्यांच्या बाबतीत थेंबपद्धतीचा तो धोका लहान असतो. पण क्षारतेशी जुळवून घेणारी माशासारखी यंत्रणा त्यांच्यापाशी नाही. बाहेरचे पाणी बदलले की त्यांच्या आतले द्रवही बदलते. त्यांना तापमान जुळल्यावर अर्धा ते पाऊण तास थेंबपद्धत द्यावी, हवेच्या नळीला सैल गाठ मारून सेकंदाला दोन-तीन थेंब या वेगाने. क्लीनर कोळंबीसारख्या जिवांना तर दीड-दोन तासही देते मी, कारण क्षारतेचा धक्का त्यांना सर्वांत जास्त बाधतो.

मात्र आपल्या मशरूमचे नुकसान पाण्याने झालेले दिसत नाही. आपण ते ‘नीट दिसावे म्हणून’ वरच्या दगडावर, पूर्ण तेजाच्या एलईडीखाली ठेवलेत, आणि माझा कयास आहे की तिथेच ते पोळले. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते आणि त्याचे बरेचसे अन्न तेच शैवाल प्रकाशातून तयार करते. दुकानातल्या मंद दिव्याला सरावलेल्या शैवालावर एकाएकी प्रखर प्रकाश पडला तर ते प्रवाळालाच अपायकारक द्रव्ये तयार करू लागते, आणि प्रवाळ जीव वाचवायला त्या शैवालाला बाहेर टाकते. रंग शैवालाचा असतो, म्हणून प्रवाळ फिके पडते. ते फिके असते, मेलेले नसते. आज ते मशरूम उचलून तळाशी, दगडाच्या सावलीच्या कडेला, मंद प्रवाहात ठेवा. दिव्याचे तेज तीस-चाळीस टक्क्यांवर आणा आणि मग दर तीन-चार दिवसांनी थोडे थोडे वाढवत तीन-चार आठवड्यांत पूर्वपदाला न्या. रोज एकाच वेळी, एकाच जागेवरून त्याचा फोटो काढून ठेवा. रोज पाहणाऱ्या डोळ्याला जो बदल जाणवत नाही तो फोटोंच्या रांगेत दिसतो. तबकडी पसरू लागली, कडेला तपकिरी झाक परतली, की ते सावरले. मशरूम चिवट असते आणि माझा अनुभव आशादायक आहे.

झोअँथिड चार दिवस मिटून राहिले याची चिंता नको. प्रवासानंतर कधी कधी आठवडाभरही ते तोंड उघडत नाहीत. उघडल्यावर त्यांचे देठ लांबच लांब ताणलेले दिसले तर प्रकाश कमी पडतो आहे असे समजून त्यांना थोडे वर सरकवा. पण एक गोष्ट अगदी निक्षून सांगायची आहे. झोअँथिड आणि त्यांचे भाईबंद पॅलिथोआ यांतल्या काहींच्या अंगात पॅलिटॉक्सिन नावाचे अत्यंत जहाल विष असते, आणि कोणत्यात ते आहे हे नुसत्या नजरेने ओळखता येत नाही. तो दगड हाताळताना हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. हाताला चीर असेल तर टाकीत हात घालू नये. दगड स्वच्छ करायला तो उकळणे किंवा त्यावर गरम पाणी ओतणे हे कधीही, कोणीही करू नये, कारण विषाचे कण वाफेबरोबर श्वासात जातात आणि त्यातून घरची माणसे रुग्णालयात पोचल्याची उदाहरणे आहेत. घरात लहान मुले असतील तर त्यांनाही हे समजावून ठेवा.

नवे प्रवाळ टाकीत ठेवण्याआधी प्रवाळांसाठी मिळणाऱ्या द्रावात, टाकीच्याच पाण्यात मिसळून, बाटलीवर लिहिलेल्या वेळेपुरते बुडवावे आणि हलक्या हाताने हेलकावे द्यावेत. मी हे पांढऱ्या बशीत करते. पहिली दोन मिनिटे काहीच दिसत नाही. मग बशीच्या पांढऱ्यावर एखादा चपटा कृमी वळवळताना दिसतो, बारीक काटेरी अळी गुंडाळी करून पडते, आणि देठांच्या बेचक्यात चिकटलेली गोगलगाईची अंडी भिंगाखाली दिसतात. अंडी द्रावाने मरत नाहीत, ती चिमट्याने खरवडावी लागतात, अर्थात हातमोजे घालूनच. द्राव टाकून द्यावा, प्रवाळ स्वच्छ खाऱ्या पाण्यात विसळावे आणि धरताना मांसल भागाला बोट न लावता खालच्या दगडाला धरावे. क्रिप्टोकॅरिऑनचे कोश प्रवाळाच्या दगडावरही चिकटून येऊ शकतात, म्हणून जमल्यास प्रवाळालाही मासे नसलेल्या टाकीत सहा आठवडे किंवा अधिक ठेवावे.

राहिला समुद्राचा प्रश्न. दारात समुद्र असताना मिठाची पिशवी विकत आणायची, हे मनाला पटत नाही हे मी जाणते. पण किनाऱ्याचे पाणी आणि समुद्राचे पाणी एक नव्हे. जूनपासून पुढे नद्या आणि खाड्या इतके गोडे पाणी आणि गाळ आणून ओततात की किनाऱ्याजवळची क्षारता पार घसरते. नारळी पौर्णिमेला समुद्र शांत होऊ लागला तरी पाणी निवळायला आणखी अवधी जातो. बंदरात होड्यांचे डिझेल, वस्तीजवळ सांडपाणी. डिसेंबर ते एप्रिलच्या काळात, भरतीच्या वेळी, खाडीच्या मुखापासून दूर, होडीने आत जाऊन आणलेले पाणी वापरता येते. ते कापडातून गाळून झाकणाच्या खाद्य-दर्जाच्या पिंपात दोन आठवडे अंधारात ठेवावे, मग क्षारता आणि अमोनिया मोजूनच घ्यावे. आपली टाकी अजून कोवळी आहे. पहिले वर्षभर तरी आरओचे पाणी आणि कृत्रिम मीठ यांवरच राहा असे मी सांगेन, कारण त्यात दर वेळी तेच पाणी हाती येते.

मालवणच्या प्रवाळाबद्दल मात्र माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. खडक बांधणारी सर्व कठीण प्रवाळे, काळी प्रवाळे, अग्निप्रवाळे आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्या यांनाही याच कायद्याचे संरक्षण आहे. अनुसूचीत वाघ जिथे आहे तिथेच आपल्या सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे प्रवाळही आहे. मालवणचा सागरी भाग १९८७ साली अभयारण्य म्हणून घोषित झाला आहे. तिथला तुकडा तोडणे, बाळगणे, विकणे हा गुन्हा आहे, मग तो वाळूत तुटून पडलेला मिळाला तरीही उचलू नये, आणि दुकानात कोणी कठीण प्रवाळ देऊ केले तरी घेऊ नये. कायदा बाजूला ठेवला तरी ते आपल्या टाकीत जगणार नाही. आमच्या किनाऱ्यावरची प्रवाळे दर पावसाळ्यात गढूळ आणि गोडसर पाणी सोसून पुन्हा उभी राहतात. पोर्टिससारखे घुमटाकार प्रवाळ वर्षाला अवघे सेंटिमीटरभर वाढते. वीतभर घुमट म्हणजे वीसेक पावसाळे झेललेला जीव. मालवणला थंडीत पाणी नितळ होते तेव्हा मुखवटा लावून वरून ते पाहावे, पायाने त्यावर उभे राहू नये, एवढेच त्याच्याशी आपले नाते असावे.

टाकीसाठी मशरूम, लेदर, झोअँथिड यांतलेच काही हवे असेल तर ते दुसऱ्या छांदिष्टाच्या टाकीत वाढलेले मागून घ्या. मशरूम आपणहून फुटून वाढते, आणि ज्याची टाकी जुनी आहे त्याच्याकडे एखादा तुकडा द्यायला बहुधा असतोच. क्लाउनही शक्यतो टाकीत पैदा झालेलाच घ्या. केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचे तंत्र आपल्या देशात बसवलेले आहे, आणि असे मासे दाण्याचे खाद्य पहिल्या दिवसापासून खातात. पण मशरूम सावरेपर्यंत आणि छोटी टाकी चार आठवडे चालून अमोनिया शून्य दाखवेपर्यंत नवे काही आणू नका. त्यानंतर कुडाळच्या किंवा सावंतवाडीच्या एखाद्या ओळखीच्या टाकीतून प्रवाळाचा तुकडा आणाल, तेव्हा पिशवी जेमतेम तासाभराची असेल. तिच्यासाठी हवेच्या नळीला गाठ मारा आणि थेंब पडू द्या.